खडपावरचं सुतक

"आणि तिन्ही वेळा तुम्हाला एक फोन करता आला नाही, आपा?"

डॉक्टर हेमांगी राऊत मारुतीच्या देवळाच्या पायरीशी उभी राहून हे विचारत होती. आवाज असा चढलेला, की घंटेखाली झोपलेलं कुत्रं उठून मागच्या दाराकडे चालू लागलं.

आपा गुरव नारळ सोलत होते. देवळाची पूजा त्यांच्याकडे. वय ऐंशीच्या आसपास, अंगावर एक पंचा. त्यांनी मान वर केली नाही.

"केलंय," ते म्हणाले.

"कधी?"

"तीनय येळा. तुझ्या फोनात येक बाई इंग्रजी बोलता. तिका सगळा सांगलंय. वांदर मेलो, खडपावर मेलो, बेगीन ये. ती आपलाच बोलत रवली."

हेमांगीचे कान तापले. ती रानात असली की फोन बंदच पडायचा, हे तिलाही ठाऊक होतं. पण चूक कबूल करायची तिला सवय नव्हती.

"मग थांबायचं! मेलेलं माकड पुरायचं नाही, हे मी इथं आल्यापासून ओरडून सांगतेय. मला तपासायला रक्त लागतं, मांस लागतं. तुम्ही तीन माकडं पुरलीत. आता मी काय तपासू, माती?"

आपांनी नारळाची शेंडी तेवढी राखली आणि सोललेली सोडणं बाजूला टाकली.

हेमांगी रानातल्या जनावरांची डॉक्टर. साधीसुधी नव्हे. आफ्रिकेत तिनं गोरिलांवर औषधोपचार केले होते, तेही तोंडाला मास्क बांधून, आपली सर्दी त्यांना लागू नये म्हणून. ब्राझीलमध्ये दोन वर्षं तिनं माकडांच्या तापावर काम केलं होतं. हे सगळं ती भेटल्यापासून पाच मिनिटांत सांगून टाकायची, कुणी विचारो न विचारो.

आता तिच्याकडे हा तळकोकणातला डोंगराळ तुकडा होता आणि इथला माकडताप. रानात वानर तापानं मरतं. त्याचं अंग गार पडलं की अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि पाल्यात दबा धरून बसतात. मग काजूच्या दिवसांत माणसं तिथं बोंडं वेचायला जातात... आणि घराघरांत अंथरुणं पडतात.

गावाचे काजूचे डोंगर तीन. खडप, वडाचा माळ आणि कोंड. चार वाजता पंचायतीत तिला सांगायचं होतं की कुठला डोंगर बंद करायचा. तिन्ही बंद केले तर गावानं वर्षभर खायचं काय? आणि चुकीचा एक बंद केला तर उद्या सकाळी पन्नास बायका टोपल्या घेऊन थेट तापात शिरणार.

आपांची सून सुगंधा अकरा दिवस इस्पितळात होती. याच तापानं. ती कुठून गोचिडी घेऊन आली, हे हेमांगीला कळायला हवं होतं. पण अकरा दिवस सुगंधाला धड शुद्धच नव्हती.

"सुगंधा कशी आहे?" तिनं विचारलं. खरं तर हे आधी विचारायला हवं होतं.

आपांचा चेहरा उजळला. "ताप उतारलो गो! काल पेज जेवली. माका इचारता, मामा, आमच्या काजी कोणी येचल्यानी?"

हेमांगीचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवर बसली.

"मग हा नारळ मारुतीला?"

"नाय. वांदराक."

"वांदराला?"

"खडपावरच्या."

"आपा, तुमची सून ज्या तापानं मरता मरता वाचली, तो तिथूनच आला असेल. आणि तुम्ही त्या माकडाला नारळ देणार?"

आपा हसले. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू अधिकच मोकळं दिसलं.

हेमांगीला राहवलं नाही. "ब्राझीलमध्ये तर उलटंच. ताप पसरला तसं लोकांनी घाबरून माकडांनाच काठ्यांनी मारलं. निव्वळ अडाणीपणा! माकडं ताप देत नव्हती. डासांमुळं त्यांनाही तो होत होता. ती फक्त माणसांच्या आधी मरत होती. ती मेली, म्हणून तर आम्हाला कळलं की ताप आलाय."

आपांचा कोयता थांबला.

"मगे... तेंका कोणी पुरल्यानी?"

"पुरलं म्हणजे... आम्ही नमुने घेतले. बाटल्यांवर नंबर टाकले."

"आणि?"

आणि काय? आपा उठले, पायांना करंजाचं तेल चोळलं, नारळ पंच्याच्या टोकात बांधला, कोयता कमरेला खोवला आणि काठी घेतली.

"चल," ते म्हणाले.

ती चालली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, बुटांना चिकटपट्ट्या, पाठीवर नमुन्यांची पेटी. पुढं पंचा नेसलेला म्हातारा. बांधावर गवत कापणाऱ्या दोघी बायका बघतच राहिल्या, आणि एकीनं पदर तोंडात कोंबला.

खडपाच्या पायथ्याशी वाट वर चढते. तिथं गटारात एक भलीमोठी फांदी पडली होती. ऐनाची. पानं वाळून तपकिरी झालेली.

हेमांगी थबकली.

ही फांदी तिनं पाहिली होती. डिसेंबरात ती या वाटेवर आडवी टाकलेली होती. सोबतच्या बायका म्हणाल्या होत्या, मॅडम, पुढं नको, खडपावर सुतक आहे. मिरगाचा पाऊस लागेपर्यंत कुणी जात नाही. ती खो-खो हसली होती. रानाला कसलं सुतक? आणि दोन्ही हातांनी ओढून फांदी तिनं गटारात टाकली होती.

एवढ्यावर थांबली असती तरी ठीक. त्याच दुपारी शाळेतल्या सभेत तिनं ती गोष्ट रंगवून सांगितली. "सुतकात गेले, बघा! आता मला दहा दिवस शिवू नका हं!" सगळी सभा हसली. सगळ्यांत पुढं बसून सगळ्यांत मोठ्यानं हसली होती ती सुगंधा.

कुणाचं सुतक, हे हेमांगीनं विचारलंच नव्हतं.

"आपा... सुगंधा इथूनच वर गेली?"

"तुझा ऐकान तिका धीर इलो. माझा ऐकान कधी इलो नाय." ते थट्टेनं म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

"तुम्ही होतात सभेत. मागच्या बाकावर. मला आठवतंय. मला तिथंच का नाही अडवलंत?"

"सुतक कोणाचा, ता तू इचारशीत म्हणान वाट बघलंय. तू इचारलंस नाय. माका राग इलो. रागान गप रवलंय, फांदीय परत टाकलंय नाय. माजाय चुकला गो. आमचो दोघांचो ताठो, आणि ताप इलो तो तिका."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याच्या आत हातमोजा घालून पुसता येईना, तसं ते वाहू दिलं.

"आपा, कुणाचं होतं सुतक?"

आपांनी काठीनं दाखवलं.

वाटेपासून वीसेक पावलांवर, जांभळीच्या बुंध्याशी, एक चिरा उभा होता. जांभ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा ताजा पट्टा.

"ह्यो पयलो. डिसेंबरातलो. जंय पडता थंयच पुरूचो, उचलून न्हेवचो नाय. वर चिरो, वाटेर फांदी. माझो बापूस असाच करी, तेचो बापूस असाच. कित्याक, ता तेंका ठावक नव्हता. माकाय नाय. तुका ठावक असा. तू सांगलंस तेवा कळला, गोचडी."

ते वर चढत गेले. हेमांगी मागून. दर थोड्या अंतरावर एक चिरा. ज्यांच्यावर चुना होता ते यंदाचे. ज्यांच्यावर शेवाळ होतं ते जुने, आणि कुठला कोणत्या साली, ते आपा थांबून सांगत. ह्यो माझ्या लग्नाच्या वर्साचो. ह्यो पूर इल्लो तेवाचो. ती प्रत्येक दगडाची जागा फोनमध्ये टिपून घेत होती. सतरा दगड. यंदाचे तिन्ही खडपाच्याच अंगावर.

"माळावर? कोंडावर?"

"थंय जुने असत. धा वर्सांत नवो नाय. रोज फिरतंय मी."

साठ वर्षांचा नकाशा रानात उभा होता, आणि ती तो शोधत कुठल्या कुठल्या कार्यालयांत फाइली चाळत बसली होती. तिला हसावं की रडावं कळेना. मनात मात्र एकच आलं, की बरं झालं बाई, हा माणूस रोज चालला.

"पण आपा, खात्री करायला मला नमुना लागतो हो. दगडाला ताप आला होता का, हे दगड सांगत नाही."

"म्हायत असा."

आपा एका खडकामागं गेले. तिथं ताज्या पाल्याचा ढीग होता, चारी बाजूंनी काटेरी फांद्या रचलेल्या. दूर उभं राहून त्यांनी काठीनं पाला सारला.

काळ्या तोंडाचा मोठा वानर. कुशीवर, झोपल्यासारखा.

"काल सांजचो मेलो. माझ्या बापाशीन रातभर ठेवलो नसतो. मी ठेवलंय. तुझ्यासाठी." आपा मागं सरले. "तुजा काम तू कर. मगे मी माजा करतंय."

हेमांगी गुडघ्यांवर बसली. मास्क लावला. तासभर ती नमुने घेत राहिली. शेकडो वेळा केलेलं काम, पण आज तिचे हात सावकाश चालले. बाटलीवर नंबर लिहिण्याआधी तिनं त्या वानराकडे क्षणभर पाहिलं.

पेटी बंद झाली. खडकामागं आपांनी कुदळ आणि चुन्याची पिशवी ठेवलेली होती. खड्डा तिनंच खणला, कारण पोशाख तिच्या अंगावर होता. आपांनी लांबून सांगितलं, अजून खोल... अजून. चुना टाकला. माती लोटली. पायथ्याशी आपांनी आणून ठेवलेला चिरा उचलून आणताना तिच्या कमरेची काशी झाली, आणि आपांनी "सावकाश गो, डाक्टरणीक डाक्टर खंय मिळतलो?" म्हणून वर चिडवलं.

आपांनी नारळ फोडला. अर्धा चिऱ्यापाशी ठेवला.

मग उतरताना तिनं आपांचा कोयता मागून घेतला, ऐनाची हिरवी फांदी तोडली आणि वाटेवर आडवी टाकली. हलवून पाहिली. पुन्हा नीट बसवली.

चार वाजता पंचायतीत ती उभी राहिली. पोशाख बदललेला, केस ओले. नमुन्याचा निकाल यायला आठवडा होता, पण दगडांनी तिला पुरेसं सांगितलं होतं.

"माळ आणि कोंड खुले. पायांना तेल लावून जा, आल्यावर आंघोळ करा, अंग तपासा. खडप मात्र बंद. मिरग लागेपर्यंत."

"कित्याक?" सरपंचांनी विचारलं.

हेमांगीनं मागच्या बाकाकडे पाहिलं. आपा आजही तिथंच बसले होते.

"खडपावर सुतक आहे," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून सुगंधाच्या जावेनं तेवढं विचारलं, "कोणाचा?"

"वानराचं. चार गेले यंदा. डिसेंबरात मी ते मोडलं होतं. माझी चूक झाली."

सभा संपली. बायका घरी गेल्या. त्यांतली एक तेलाची बाटली मागायला दुसरीच्या दारात शिरली. हेमांगी देवळात आली. आपा पायरीवर बसून उरलेल्या अर्ध्या नारळाचं खोबरं काढत होते. तिनं पेटी खाली ठेवली, वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं.

"आपा, तुमचे उपकार कसे..."

आपांनी झटकन पाय मागं घेतले. तिचे दोन्ही खांदे धरून तिला उठवलं, आणि तसंच धरून तिचं तोंड खडपाच्या डोंगराकडे वळवलं.

"माका नको, बाय. आमच्या आदी तो मेलो."