पारव्या भिंतीपुढचं चित्र

खूप जुनी गोष्ट आहे. माणसाचं चित्र काढून घ्यायचं तर चिताऱ्याची वाट पाहावी लागे, आणि चितारी गावात दहा-बारा वर्षांतून एकदा फिरके, अशा काळातली.

नदीकाठच्या एका गावात तुळसाबाई नावाची रंगारीण राहत होती. नुसत्या निळ्यातल्या चाळीस छटा ती नजरेनं ओळखायची. दोन कापडं दारातल्या उजेडात धरायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "हे एका बुडीनं कमी आहे." ते एका बुडीनंच कमी असायचं. रंगावरून तिच्याशी वाद घालायची गावात कुणाची छाती नव्हती, आणि घरात तर नव्हतीच नव्हती.

तिला एकच लेक, मैना. मैनेचं लग्न झालं होतं आणि चौथ्या दिवशी ती सासरी जायची होती. सासर तीन घाटांपलीकडे. गेलेली मुलगी माहेरी परत कधी येईल, ते कुणालाच सांगता येत नसे.  पण तुळसाबाई बसून रडणाऱ्यातली नव्हे. जीव थाऱ्यावर नसला की ती काहीतरी काम उकरून काढायची. या वेळी तिनं ओसरीची भिंत रंगवायला काढली. चुन्यात नीळ घातली, चिमूटभर काव घातली आणि भिंतीला असा पारवा रंग दिला की येणारे-जाणारे थांबून बघू लागले.

नेमका त्याच दिवशी चितारी गावात आला. "तीन दिवस आहे मी," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी दुपारी निघणार. पुढच्या गावी देवळाचं काम आहे."

तुळसाबाईला वाटलं, देवच पावला. लेक गेली तरी तिचा चेहरा घरात राहील, रोज सकाळी उठून बघता येईल. ती म्हणाली, "आम्हा चौघांचं चित्र काढा. आमचे हे, मामंजी, मी आणि मैना. ह्याच भिंतीपुढं बसवून काढा. टांगायचंही इथंच आहे, तेव्हा कपडे भिंतीला शोभले पाहिजेत."

"बाई, मी आधी चेहरे काढतो," चितारी म्हणाला. "चेहऱ्याला वेळ लागतो. लेक जाणारी आहे, तिचा आजच काढून घेऊ."

"चेहरा कुठं पळून जातोय? आधी कपडे!"

मैना तिची आवडती हळदी साडी नेसून आली होती. तुळसाबाईनं तिला भिंतीपुढं उभं केलं आणि कपाळाला हात लावला. "अगंबाई, ही नको. भिंतीपुढं नुसती ओरडतेय." मग नवऱ्याचा अंगरखा मळकट ठरला. सासऱ्यांचं लाल मुंडासं खुंटीवर गेलं. म्हातारा बिचारा उघड्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "सूनबाई, चाळीस वर्षं लोक मला त्या मुंडाशावरून ओळखतात. चित्रात हा कोण, म्हणून विचारतील की!"

"मी सांगेन त्यांना," तुळसाबाई म्हणाली. तिनं पेटीतून कोऱ्या पांढऱ्या कापडांचा गठ्ठा काढला आणि पदर खोचून रंगाच्या रांजणाशी बसली. पहिला दिवस रंगवण्यात आणि वाळवण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं नव्या पारव्या कपड्यांत बसली. चिताऱ्यानं चौघांच्या आकृत्या रेखल्या आणि कपडे रंगवायला घेतले. दुपारपर्यंत भिंतीचा चुना पुरता वाळला आणि एका छटेनं उजळला. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. तुळसाबाई मात्र ताडकन उठली. "पुसा ते. कपडे गडद दिसतायत. सगळे उतरवा, मी पुन्हा रंगवते."

चिताऱ्यानं रंग खरवडला. मैना रांजणाशी येऊन बसली. "आई, जरा माझ्याजवळ बस ना. दोनच दिवस राहिलेत."

"बसते गं, एवढं होऊ दे. बघ, माझे हात निळे झालेत."

तिकडून चितारी म्हणाला, "बाई, मुलीच्या गालावर तीळ आहे. तो घेऊ ना चित्रात?"

"घ्या, घ्या," तुळसाबाई म्हणाली. तिनं रांजणातून मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंग अगदी जुळला. तुळसाबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला. पण दुपारी ऊन ओसरीवर आलं, भिंतीतली काव तांबूस दिसायला लागली आणि कपडे पुन्हा वेगळे पडले. तिला बसवेना. ती अंगणात गेली, लांबून पाहिलं. आत आली, जवळून पाहिलं. नवरा म्हणाला, "अगं, पुरे की आता. छान दिसतंय." ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. कपडे तिसऱ्यांदा रांजणात गेले, आणि दिवस मावळेपर्यंत चितारी कपडेच रंगवत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली.

"आता हिचा चेहरा काढा, लवकर!" तुळसाबाई चिताऱ्याला म्हणाली.

"निदान अर्धा प्रहर तरी बसावं लागेल तिला."

ती गाडीवानाकडे धावली. "दादा, अर्धा प्रहर थांबा हो."

गाडीवानानं आकाशाकडे पाहिलं. "नाही जमायचं, आई. पहिला घाट दिवसाउजेडी ओलांडायला हवा. वाटेत जनावरांचं भय आहे."

मैना आईच्या गळ्यात पडायला पुढं आली. तुळसाबाईचे हात रात्रीपासून कपड्यांना शेवटची बुडी देत रांजणाशी राबून ओले निळे होते. लेकीच्या शालूला डाग पडेल म्हणून तिनं ते दोन्ही बाजूंना लांब धरले. मैनेनं तिला मिठी मारली. तिला मात्र मिठी मारता आली नाही. गाडी वळणाआड गेली तरी तिचे हात तसेच होते.

दुपारपर्यंत चिताऱ्यानं उरलेल्या तिघांचे चेहरे काढले. मग त्यानं विचारलं, "मुलीचा मनानं काढू का?"

"नको," तुळसाबाई म्हणाली. "ती दुसऱ्याच कुणाची मुलगी होईल."

चित्र भिंतीवर लागलं. मधोमध पारवी साडी नेसलेली मुलगी, आणि तिच्या चेहऱ्याची जागा कोरी. शेजारणी आल्या की म्हणायच्या, "बाई बाई, काय रंग जुळलाय! भिंत कुठली नि साडी कुठली, कळत नाही." तुळसाबाई मान हलवायची.

एक दिवस चित्रापुढं उभी असताना ती दचकली. लेकीचा तीळ कुठल्या गालावर होता? उजव्या, असं तिला वाटलं. मग वाटलं, डाव्या. तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "उजव्या. नाही, थांब... अगं, तुला ठाऊक असेल ना!" सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "सूनबाई, ते तीन दिवस मी माझ्या मुंडाशाकडं बघत होतो."

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. निळ्याच्या चाळीस छटा ओळखणाऱ्या बाईला पोटच्या पोरीचा गाल आठवेना, ह्याची तिला लाज वाटली आणि भयही वाटलं. भाकरी थापताना ती मध्येच थांबायची आणि स्वतःच्या गालाला बोट लावून बघायची, इकडं की तिकडं. सहा महिने तिनं कसेबसे काढले. मग भाकरीचं गाठोडं बांधलं आणि तीन घाट ओलांडून लेकीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मैना धावत बाहेर आली. तुळसाबाईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि दारातल्या उजेडात धरला, कापड धरायची तसा. कितीतरी वेळ ती बघतच राहिली.

"आई, काय शोधतेस गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि रडू लागली. तीळ डाव्या गालावर होता, कानापासून दोन बोटांवर.

आठ दिवस राहून ती घरी परतली. नवऱ्यानं उत्सुकतेनं विचारलं, "कशी आहे आपली मैना? काय नेसली होती? घर कसल्या रंगाचं आहे?"

तुळसाबाई आठवू लागली, आणि मग हसली. "ते बघायचं राहूनच गेलं बघा."

लहानांनी आणि थोरांनीही एवढं गाठीशी बांधावं: भिंत जागेवरच राहते, माणसं निघून जातात, म्हणून आधी माणसांचे चेहरे डोळे भरून पाहावेत, त्यांचे कपडे भिंतीला शोभतात का ते मागाहून.