तुरट जिभेची ठमाई

घाटावर अजून गाडीवाट चढली नव्हती आणि माणसं मिठाची पोती डोक्यावरून वर आणत होती, त्या काळी तळेखांड नावाच्या वाडीत ठमा नावाची सून आली. वाडीच्या वर कडा, खाली दरी आणि मधे हिरड्याचं दाट रान. ठमाच्या पायाला भिंगरी होती असं म्हणतात. चूल पेटवून ती रानात जायची, रानातून आली की थेट गोठ्यात शिरायची. सासू म्हणायची, "अगं, टेक की जरा." ठमा टेकायची, पण सासूची भाकरी उलटायच्या आत पुन्हा उठलेली असायची.

झाडपाल्याचं ज्ञान तिला आईकडून आलं होतं. तोंड आलं तर हिरड्याचं पाणी, जखम चिघळली तर ऐनाची साल, पोट बिघडलं तर जांभळीची. ज्या सालीनं जीभ आवळते, ती साल सूज ओढून घेते, असं आई सांगायची. म्हणून ठमा आधी साल चावायची आणि तुरट लागली तरच पदरात घ्यायची.

ठमाची नणंद राही नवरा वारल्यावर लेकीला घेऊन माहेरी परतली होती. तिच्या छातीत गाठ झाली. लाजेनं तिनं ती पदराखाली लपवली, आणि घरात कळलं तेव्हा गाठ फुटून वाहत होती.

"वन्सं, मला तरी सांगायचं होतं!" ठमा म्हणाली.

"काय सांगू गं? दाखवायची जागा हाय का ती?"

ठमानं साल उकळून जखम धुतली. दुर्गंधी गेली, आग थांबली, राहीला झोप लागू लागली. सगळ्यांना वाटलं, उतार पडला. पण राहीनंच एके सकाळी ठमाचा हात धरून सांगितलं, "थंड वाटतंय गं ठमे. पर गाठ हाय तितंच हाय." पावसाळा सरायच्या आत राही गेली. तिची लेक मंजुळा मामीच्या पदराखाली वाढू लागली.

त्या दिवसापासून ठमाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सूज उतरवणारी झाडं आहेत, तर गाठ विरघळवणारं झाडही असणारच, हे तिच्या मनानं घेतलं. ओळखीची झाडं संपली तशी ती कड्यावर चढली, मग कड्यापलीकडे उतरली. दिसेल त्या झाडाला हात जोडायची, तळहाताएवढी साल काढायची, चावायची आणि पुढे जायची. तिची जीभ कातासारखी तांबडी झाली, मग काळी पडली. तिनं फुंकर घातली तर भाजलेल्याची आग निवायची, असं म्हणतात. वाटेत बिबट्या आडवा आला, तर तिच्या अंगाचा तुरट वास घेऊन बाजूला व्हायचा, असंही म्हणतात.

मग सटवा कुंभाराची गोष्ट घडली. त्याच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती, त्याला घास गिळवत नव्हता. त्याला डोलीत घालून आणलं, तेव्हा ठमा नुकतीच रानातून आली होती. माणूस घरघर करत होता. तिनं पदरात होतं नव्हतं ते सगळं मडक्यात ओतलं, उकळलं आणि चमच्या चमच्यानं त्याला पाजलं. पुढची होळी आली तेव्हा सटवाची गाठ पार विरली होती आणि तो चाकावर बसून गाडगी घडवत होता.

घाटाखालून माणसांची रीघ लागली. बाया खणानारळ घेऊन आल्या, कुणी ढोल वाजवला, कुणी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सगळी वाडी हरखली होती, एकटी ठमा बोटांवर साली मोजत होती. त्या मडक्यात कोणकोणत्या साली होत्या, ते तिला आठवत नव्हतं.

"देवी कुणाला म्हणता?" ती गर्दीवर ओरडली. "मी काय केलं ते मलाच ठाऊक नाही!"

लोकांना तो तिचा विनय वाटला. त्यांनी आणखी जोरात ढोल वाजवला.

ती पुन्हा रानात शिरली. सटवाच्या वेळी ज्या वाटेनं आली होती, त्या वाटेवरचं झाड न् झाड तिनं चावून पाहिलं. काही साली ओळखीच्या लागल्या, पण मनाची खात्री पटेना. आणि अशातच आता मोठी झालेली मंजुळा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आईनं केली ती चूक तिनं केली नाही. पदर सारून म्हणाली, "मामी, आईसारखंच दिसतंय. पण तू सटवाला बरं केलंस ना?"

ठमानं आठवतील त्या साली गोळा करून काढा केला. नाही लागू पडला. एक साल काढून दुसरी घातली, तरी नाही. तिनं सटवाला बोलावून विचारलं, "चव कशी होती रं त्या पाण्याची?" तो बिचारा रडायला लागला. "मावशी, मी मरत होतो. चव कुणाला आठवतीय?"

मंजुळाला ताप आला नाही, फार आग झाली नाही, शेवटपर्यंत ती दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत असे. पण ती वाचली नाही. जाण्याआधी तिनं मामीला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आता सगळं एकत्र नको करूस. एकेक बघ."

तेरावं झालं आणि ठमानं सगळी वाडी गोळा केली. "गाठ दिसली तर लपवू नका," ती म्हणाली. "आणि एका मडक्यात एकच साल उकळा. काय झालं ते चारचौघांत मोठ्यानं सांगा. गुण आला तरी सांगा, नाही आला तरी सांगा."

असं बोलून ती कड्याच्या दिशेनं निघाली. सासूनं मागून हाक मारली, "ठमे, टेक जरा!" तिनं वळून नमस्कार केला, पण पाय थांबले नाहीत. तिला परत आलेलं कुणी पाहिलं नाही, तिचं प्रेतही कुणाला सापडलं नाही. पुढे कित्येक वर्षं कड्यापलीकडच्या झाडांवर तळहाताएवढी ताजी खूण दिसायची आणि त्या खुणेवर आठवड्यात नवी साल धरायची, असं म्हणतात. धुकं उतरलं की चावल्याचा आवाज यायचा, असंही म्हणतात.

तळेखांडात ठमाईचं देऊळ नाही. एकदा चौथरा घातला होता, पण मूर्ती बसलेली करावी की उभी, यावरून वाद झाला. तिला बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं, आणि उभंसुद्धा क्षणभरच. चौथरा मोकळाच राहिला.

दर चैत्रात हिरडा तोडायला लागण्याआधी घरटी एक नवं मडकं त्या चौथऱ्यावर येतं. एका मडक्यात एकच साल. थोरली बाई घोट घेते आणि मोठ्यानं सांगते, जीभ आवळली की नाही, घसा निवला की नाही. ज्याला गाठ दिसते, त्याला त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. गाठ लपवायची नाही, ही ठमाईची आणच आहे.

हल्ली शहरातून शिकणारी मुलंही येतात. साली पिशवीत भरून नेतात आणि काचेच्या नळ्यांत घालून बघतात. गेल्या चैत्रात त्यातल्या एका मुलीला म्हाताऱ्या भीमाबाईंनी विचारलं, "सापडलं का गं?"

"नाही आजी. सूज उतरते, तेवढं दिसतंय. गाठीच्या पेशींवर नळीत थोडा परिणाम दिसतो, पण माणसात तसाच होईल असं नाही सांगता येत."

"मग तसंच सांग सगळ्यांना. मोठ्यानं सांग."

मुलगी लाजली, पण चौथऱ्याशी उभी राहून तिनं सांगितलं. भीमाबाईंनी आपल्या मडक्यातला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. मग सगळ्या वाडीनं कड्याकडे तोंड करून हाक दिली, "हे नव्हं, ठमाई! पुढचं बघतो!"