गुंजी खारीची दातांची पट्टी

एका पाटाच्या काठी होती एक चिंच.
चिंचेला होती एक ढोली.
ढोलीत राहायची एक खार. तिचं नाव गुंजी.

गुंजी एवढीशी. शेपूट केवढं तरी!
चालायची कशी? तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.

गुंजीचे पुढचे दात होते वाकडे. एक बघायचा इकडे, एक बघायचा तिकडे.
म्हणून बगळेडॉक्टरांनी दातांना तार लावली. तार टोचायची. तार बोचायची. चिंच खायची नाही. बोर खायचं नाही. गुंजी रडली. पण गुंजीने तार सोसली.

मग एक दिवस तार निघाली. आणि दात? सरळ! अगदी शेजारी शेजारी, जसे दोन भाऊ बाकावर बसलेत.
गुंजी हसली. आई हसली. बगळेडॉक्टर मान लांब करून हसले.

डॉक्टरांनी गुंजीला एक पट्टी दिली. इवलीशी, पाण्यासारखी पारदर्शक.
"गुंजे, झोपताना रोज ही पट्टी लावायची. दात नवीन जागी बसलेत. त्यांना जुनी जागा आठवते. पट्टी नसली की ते हळूच सरकतात."
"रोज लावीन, डॉक्टरकाका," गुंजी म्हणाली.

आधी रोज लावली.
मग एकदा विसरली.
मग एकदा कंटाळा आला.
"गुंजे, पट्टी लावलीस का गं?" आई विचारायची.
"उद्या लावते, आई."
दुसऱ्या दिवशीही तेच. "उद्या लावते, आई."

एकदा गुंजी पाटाकाठी खेळायला गेली. पट्टी धुवायला सोबत नेली होती, ती ठेवली दगडावर. दगड होता उतरता.
पट्टी घसरली. सुर्रर्र... टप्प!
पडली खेकड्याच्या बिळात.

गुंजीने वाकून पाहिलं. आत अंधार.
"असू दे," गुंजी म्हणाली. "दात तर सरळच आहेत." आणि तुरुतुरु खेळायला गेली.

पुष्कळ दिवस गेले.
एका सकाळी गुंजीने पेरू खाल्ला. कुट्ट!
पेरूवर दातांच्या दोन खुणा उमटल्या. एक खूण सरळ. एक खूण तिरकी.
गुंजीने पेरू फिरवून पाहिला. दुसरीकडे चावून पाहिलं. कुट्ट! एक खूण सरळ. एक खूण तिरकी.

गुंजीने जिभेने दात चाचपला. दात सरकला होता.
पेरू हातातून गळून पडला.
गुंजीचे डोळे भरून आले. तिने शेपूट ओढलं आणि तोंड झाकून घेतलं.

आणि गुंजी निघाली पट्टी आणायला. तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.

खेकड्याचं बीळ आलं. बिळाच्या तोंडाशी वाळलेला चिखल. टणक टणक.
गुंजीने दार वाजवलं. टक टक!

"खेकडेदादा, खेकडेदादा, बाहेर निघाल का?
पट्टी मिळेना,
दात जागेवर राहीना.
चुकलं माझं, आता काय करू?"

आतून खेकडा म्हणाला, "पट्टी आहे गं माझ्याकडे. पण दार वाळलंय. माझ्याने फुटेना. पाट वाहू दे, चिखल भिजू दे, मग निघतो. तोवर नाही, नाही, नाही!"

गुंजी गेली पाटाकडे. तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.
पाटात पाणी नाही. नुसते गोटे.

"पाटा, पाटा, वाहशील का?
खेकडा निघेना,
पट्टी मिळेना,
दात जागेवर राहीना.
चुकलं माझं, आता काय करू?"

पाट म्हणाला, "कसा वाहू? वर बोरीची फांदी आडवी पडलीय. पाणी मागेच तुंबलंय. फांदी हलू दे, मग वाहतो. तोवर नाही, नाही, नाही!"

गुंजी गेली फांदीकडे. तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.
फांदी ही मोठी! हिरवीगार. पाटात आडवी.

"फांदी, फांदी, हलशील का?
पाट वाहीना,
खेकडा निघेना,
पट्टी मिळेना,
दात जागेवर राहीना.
चुकलं माझं, आता काय करू?"

फांदी म्हणाली, "माझ्या अंगावर पाला किती बघ! मी जड झालेय, जड. बकरी येऊ दे, पाला खाऊ दे. हलकी झाले की हलेन. तोवर नाही, नाही, नाही!"

गुंजी पाला खायला लागली. एक पान खाल्लं. कडू! काटा टोचला. आई गं!
गुंजी गेली बकरीकडे. तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.

बकरी होती कबरी. अंगावर काळे पांढरे ठिपके. खुंट्याला बांधलेली.

"बकरी, बकरी, येशील का?
फांदी हलेना,
पाट वाहीना,
खेकडा निघेना,
पट्टी मिळेना,
दात जागेवर राहीना.
चुकलं माझं, आता काय करू?"

"बेंऽऽ!" बकरी म्हणाली. "बोरीचा पाला? मला फार आवडतो! पण गळ्यात दावं बघ. सगुणामावशी उठू दे, दावं सोडू दे, मग येते. तोवर नाही, नाही, नाही!"

बकरीने गुंजीकडे पाहिलं. "आणि तोंड का गं झाकलंस?"
गुंजीने मान वळवली. शेपूट अजून घट्ट धरलं.

गुंजी गेली सगुणामावशीकडे. तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.
मावशी बसली होती ओट्यावर. मांडीवर बाळ. बाळाचं नाव राही.
राही रडत होती. "ट्यांऽऽ! ट्यांऽऽ!"

"मावशी, मावशी, उठशील का?
बकरी येईना,
फांदी हलेना,
पाट वाहीना,
खेकडा निघेना,
पट्टी मिळेना,
दात जागेवर राहीना.
चुकलं माझं, आता काय करू?"

मावशी म्हणाली, "अगं खारुताई, मी कशी उठू? राहीला दात येतोय. हिरड्या शिवशिवतात बिचारीच्या. सकाळपासून रडतेय. खाली ठेवलं की टाहो फोडते. राही हसू दे, मग उठते. तोवर नाही गं बाई, नाही, नाही!"

गुंजी राहीच्या जवळ गेली. अगदी जवळ.

"राही, राही, हसशील का?
मावशी उठेना,
बकरी येईना,
फांदी हलेना,
पाट वाहीना,
खेकडा निघेना,
पट्टी मिळेना,
दात जागेवर राहीना.
चुकलं माझं, आता काय करू?"

राही आणखी जोरात रडली. "ट्यांऽऽऽ!"

मावशी म्हणाली, "तिला बोलणं कुठे कळतंय? तूच हसून दाखव ना तिला. तुला पाहून ती हसेल."

हसून दाखवू? मी?
गुंजी मागे सरली.
हसलं तर दात दिसेल. तिरका दात. सगळ्यांना दिसेल. मावशीला दिसेल, बकरीला दिसेल.
गुंजी म्हणाली, "उद्या ह..."
आणि एकदम थांबली.

उद्या. उद्या. उद्या म्हणत म्हणतच तर दात सरकला!

गुंजीचे कान खाली पडले. 
तिने हळूच शेपूट खाली केलं.
राहीने पाहिलं.
गुंजी हसली. आधी जरासं. मग पुरतं. एक दात सरळ, एक दात तिरका.

राही रडायची थांबली.
तिने बोट पुढे केलं. गुंजीच्या दाताला हात लावला. मग तेच बोट आपल्या तोंडात घातलं. हिरडीवर तांदळाएवढा दात नुकताच डोकावत होता.
राही हसली. खुदकन! मग खदाखदा!

"अगो बाई! हसली!" मावशीने राहीला खाली चटईवर बसवलं. राही मजेत बसली, हसत.

मग काय झालं?
राही हसली, मावशी उठली.
मावशीने दावं सोडलं, बकरी धावली. टपटप टपटप!
बकरीने पाला खाल्ला. चर चर चर! फांदी हलकी झाली.
फांदी हलली, पाट वाहिला. खळखळ खळखळ!
पाट वाहिला, चिखल भिजला. पचपच!
चिखल भिजला, दार फुटलं.
दार फुटलं, खेकडा निघाला. तिरका तिरका, नांगीत पट्टी धरून.

"घे गं तुझी पट्टी," खेकडा म्हणाला. "जपून ठेव आता."
"ठेवीन, दादा."

गुंजीने पट्टी पाटाच्या पाण्यात धुतली. चुळचुळ चुळचुळ. मग तोंडात घातली.
बसेना!
दाबली. बसेना.
पुन्हा दाबली. कशीबशी बसली. दात ठणकला. आई गं!

गुंजी गेली तळ्यावर, बगळेडॉक्टरांकडे. तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.
"आऽऽ कर," डॉक्टर म्हणाले. मान वाकवून आत पाहिलं. या बाजूने पाहिलं. त्या बाजूने पाहिलं.
मग मान हळूच मागे घेतली.

"रागावलात, डॉक्टरकाका?"
"नाही गं."
"पट्टी मिळाली ना आता. दात होईल ना सरळ? होता तसा?"

डॉक्टर गुंजीजवळ बसले. एक पाय दुमडून.
"पट्टी दाताला धरून ठेवते, गुंजे. सरकून गेलेल्या दाताला ओढून आणणं तिला फारसं जमत नाही. रोज लावलीस तर दात जरासा मागे येईल. सगळा नाही यायचा."
"सगळा नाही?"
"नाही."
"आणि तेव्हाच लावली असती तर?"
डॉक्टरांनी गुंजीच्या पाठीवरून पंख फिरवला. "तेव्हा लावली असती तर सरकलाच नसता."

गुंजी रडली. मुसुमुसु, मुसुमुसु.
तार किती टोचली होती. बोरं किती सोडली होती. आणि पट्टी तर जराही टोचत नव्हती. तीच राहिली लावायची.

डॉक्टरांनी तिला रडू दिलं.
मग म्हणाले, "एक दात सरकला. पण तो दुसरा बघ. तो अजून सरळ आहे. त्याला सांभाळशील?"
गुंजीने डोळे पुसले. मान हलवली.
"सांभाळीन."

संध्याकाळ झाली. चिंचेची पानं मिटली.
कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. गुंजीने आपली आपण पट्टी लावली. टक्क!
दात ठणकला. गुंजीने सोसलं.
दुसऱ्या दिवशी लावली. टक्क! थोडं कमी ठणकलं.
त्याच्या दुसऱ्या दिवशी लावली. टक्क! आणखी कमी ठणकलं.

दात जरासा मागे आला. जरासाच. मग तिथेच थांबला. थोडा तिरका.
गुंजी कधीकधी जिभेने तो दात चाचपते. तेव्हा तिला वाईट वाटतं. फार नाही, थोडंसं.
मग ती त्या दाताला हळूच म्हणते, "मी तुला धरून ठेवायला हवं होतं रे. आता ठेवते."
आणि कूस बदलून झोपते.

झोपली गुंजी, झोपली राही.
गोष्ट गेली पाटापाटाने वाहत.
तुम्ही मिटा डोळे.