टीपॉयचा चौथा पाय

घरातलं सामान माणसांसारखं बोलायचं, तेव्हाची ही गोष्ट. यमुनाकाकूंच्या टीपॉयचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली जुन्या लग्नपत्रिकेची घडी सारलेली असायची.

एकदा काकूंनी टीपॉयला पॉलिश पेपरने घासलं, खिडक्यांना लावून उरलेला निळा रंग दिला आणि जुन्या पडद्याची झालरही लावली. आरशात स्वतःला बघून टीपॉय असा फुगला, की विचारू नका!

"ए चिटोऱ्या, नीघ इथून!" तो पत्रिकेवर खेकसला. "पाहुणे यायचेत. माझ्या पायाशी हा मळका कागद शोभतो का?"

पत्रिका केराबरोबर निघाली आणि कोपऱ्यातल्या सुपलीत जाऊन बसली.

पाहुणे आले. काकूंनी चहाचा ट्रे ठेवला मात्र, टीपॉय कलला, कप घरंगळले आणि सगळा चहा झालरीवर सांडला.

"एवढा नटवला, तरी मेल्याची खोड जात नाही!" काकू कडाडल्या. "उद्या बंबातच घालते!"

झालर निथळत असतानाच टीपॉय सुपलीकडे वळून हळूच म्हणाला, "पत्रिकाताई, पाहुणे जेवायला थांबतायत. येता का जरा?"

"येते," पत्रिका म्हणाली. "पाय उचल."