कॉलेजच्या क्लाउडचा राखणदार

एका गावात एक भोळा राखणदार होता. राखण शेताची नव्हे, कॉलेजच्या क्लाउडची. नाव दौलत. सांगितलेलं तंतोतंत करायचा. लोक याला गुण म्हणतात. त्यांना दौलत भेटलेला नसतो.

क्लाउड म्हणजे एका खोलीतला मोठा सर्व्हर, आणि त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही मोकळेपणी वापरता येणारं सॉफ्टवेअर. त्या एका सर्व्हरवर पोरांसाठी हवी तेवढी आभासी मशीनं, म्हणजे दिसायला नसलेले पण खऱ्यासारखे चालणारे संगणक, निघायची. मोदकाला असतो तसा त्यांना एक साचा होता, त्याला इमेज म्हणायचे. इमेजवरून मशीन काढायचं, पोरानं त्यावर काम करायचं. फक्त डिस्क भरली की सगळं ठप्प.

हे सगळं पिंगळे मॅडमनी उभं केलं होतं. प्राचार्यांनी त्यांना बजावलं होतं, "यंदाची परीक्षा यावर घ्या. फसली, तर पुढच्या वर्षी पोरं पुन्हा कागदावर प्रोग्राम लिहितील." तेव्हापासून मॅडम रोज डिस्कवरची जागा मोजत.

"दौलत, वापरून झालेलं मशीन पुसून टाकत जा. जागा अडते."

"हो मॅडम."

समुद्रे सर महिनाभर एका मशीनवर प्रबंध लिहीत होते. ते चहाला उठले. खुर्ची रिकामी दिसली. दौलतनं मशीन पुसलं. सर परत आले आणि प्रबंध पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसले.

मॅडम म्हणाल्या, "अरे देवा! पुसण्याआधी माणसाला विचारावं ना!"

"हो मॅडम. आता विचारीन."

पुढे डिस्क भरत आली. जयवंत नावाचा पोरगा केव्हाच पास होऊन गेला होता, त्याचं मशीन अजून जागा अडवून बसलं होतं. दौलतनं त्याचं गाव गाठलं. जयवंत बोहल्यावर उभा होता. अंतरपाट धरलेला, भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर आलेले. दौलत अक्षता टाकत टाकत पुढे गेला.

"जयवंतराव, तुमचं मशीन पुसू का?"

"आत्ता नको रे बाबा!"

दौलत परत आला. "मॅडम, जयवंत म्हणतो, आत्ता नको." मशीन तसंच राहिलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "गेलेल्यांना काय विचारतोस? ज्याला वर्षभर कुणी हात लावला नाही, ते बेलाशक काढून टाकायचं!"

"हो मॅडम."

दौलतनं शोधलं. वर्षभर कुणी हात न लावलेलं काय असेल? इमेज! ती एकदा बनवली की तिला कुणी हात लावतच नाही. चुकून पुसली जाऊ नये म्हणून मॅडमनी तिला कुलूपसुद्धा घातलं होतं. दौलतनं कुलूप काढलं, इमेज पुसली आणि शांतपणे डबा खाल्ला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडम मशीनं काढायला बसल्या. एक निघेल तर शपथ.

"दौलत, इमेज कुठंय?"

"काढली मॅडम. कुणी वापरत नव्हतं."

घरच्या डिस्कवर एक प्रत होती म्हणून निभावलं. ती आणून चढवली आणि दौलतला समोर बसवलं. "ऐक. मशीनचं काय, ते परत निघतं. इमेज मात्र जिवापाड जपायची. तिच्या भरपूर प्रती करून ठेव."

"हो मॅडम."

परीक्षेला मशीनं झटक्यात निघाली. पोरं मान खाली घालून लिहीत होती. प्राचार्य दारातून डोकावून मान डोलावून गेले. मॅडमना इतका आनंद झाला की पेपर संपताच त्या बाहेरगावच्या परीक्षकांना स्वतः चहाला घेऊन गेल्या.

परत आल्या, तर खोली रिकामी. परीक्षक म्हणाले, "चला, उत्तरं तपासू." संगणक उघडला. एकही मशीन नाही.

"दौलत! मशीनं कुठायत?"

"पुसली मॅडम. वापरून झाली होती."

"न विचारता?"

"असं कसं? प्रत्येक पोराला विचारलं, झालं का तुमचं? सगळी म्हणाली, झालं."

"अरे, उत्तरं त्यातच होती!"

परीक्षक घाईघाईनं स्वतःच संगणकात मशीनं शोधू लागले. दौलतला त्यांची दया आली. तो जवळ जाऊन म्हणाला, "घाबरू नका साहेब. मशीनचं काय, ते परत निघतं. जपायची ती इमेज, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिच्या इतक्या प्रती केल्यात, इतक्या प्रती केल्यात, की डिस्कवर आता मुंगीलासुद्धा जागा नाही!"