उडी मोजली की अंग?

साग आणि पळसाच्या एका जंगलात एक सशीण राहत असे. मुलांनो, ती इतकी दचकायची की स्वतःच्या कानाची सावली हलली तरी टुणकन बाजूला व्हायची. रात्री झोपायची तीही एक डोळा उघडा ठेवून. त्या जंगलात टेकडीवर एक सपाट शिळा होती. तिथून चारी दिशा दिसत, कोल्हा येताना लांबूनच कळे. जो सर्वांत उंच उडी मारेल, त्याला ती शिळा वर्षभर राहायला मिळे. सशिणीला ती हवीच होती. एकदा तरी दोन्ही डोळे मिटून झोपायचं होतं तिला.

पंच होता वानर. पंजा ओल्या गेरूत बुडवायचा, उडी मारायची आणि सागाच्या बुंध्यावर ठसा उमटवायचा, अशी रीत. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि टाचा जराशा उचलून त्याने वर फांदीजवळ ठसा लावला. सशिणीने जीव खाऊन उडी घेतली. ठसा उमटला अस्वलाच्या पोटाच्या उंचीवर! "अगं बाई, अस्वलदादांना गुदगुल्या करायला आलीस का?" खार खिदळली. वानर म्हणाला, "शिळा अस्वलाची. चला, पांगा आता."

सशीण कान पाडून निघाली होती. पण तिची नजर अस्वलाच्या पायांखाली गेली. तिथली धूळसुद्धा विस्कटली नव्हती! ती गर्रकन वळली. "वानरकाका, तुम्ही उडी मोजलीत की अंग? आधी उभ्याउभ्या पंजा पोचेल तिथे खूण करायला लावा, मग उडी मारून. मधलं अंतर म्हणजे उडी!" वानर गुरकावला, "आमच्या आजोबांपासून असंच मोजतात." "म्हणूनच आजोबांपासून अस्वलच जिंकतंय!" "जातेस, की कोल्ह्याला हाक मारू?" कोल्ह्याचं नाव निघताच सशीण दचकून हातभर उडाली. पण खाली आली ती त्याच जागी. पाय लटलटत होते, तरी ती म्हणाली, "मारा हाक. मोजल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

"मोजा की काका! तुमचं काय जातंय?" मागून बेडूक ओरडला. "मोजा रे पटकन," अस्वल जांभई देत म्हणालं, "मोहाची फुलं पडलीत तिकडे." त्याने उभ्याउभ्या पंजा टेकवला. नवा ठसा जुन्याला जवळजवळ चिकटलाच. मग सशिणीने टाचा टेकवून, अंग ताणून आपली खूण केली. तिच्या दोन ठशांमधलं अंतर मोजायला खारीला वेल चांगलीच ताणावी लागली. वानर पुटपुटला, "शिळा... सशिणीची." "मोठ्याने बोला की काका, मागच्यांना ऐकू आलं नाही!" असं म्हणाली ती खारच बरं का! त्या दुपारी सशीण शिळेवर दोन्ही डोळे मिटून झोपली. एक पान पडलं, ती दचकून उंच उडाली, आणि पुन्हा त्याच शिळेवर येऊन निवांत घोरू लागली.

तात्पर्य : कोण कुठे पोचला एवढंच पाहू नये, तो कुठून निघाला तेही पाहावं, आणि माप चुकीचं असेल तर पाय कापत असले तरी तसं ठणकावून सांगावं.