उतारातला उमेदवार

“...आणि बुवा, भीती वाटतेय हे चेहऱ्यावर दिसू नये, याला काही उपाय आहे का तुमच्याकडे?”

कोंडाजीबुवा घाटाच्या पायरीवर बसून धोतर पिळत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

“कुनाच्या चेहऱ्यावर?”

“माझ्या.”

“म्हंजे भीती राहिली तरी चालंल.”

जयदीप मोहिरेने घड्याळ बघितलं. वर रस्त्यावर त्याची गाडी उभी होती. सकाळचे दहा वाजत आले होते आणि साडेअकराला त्याची सभा होती.

आमच्या गावात नगराध्यक्ष लोकच थेट मतं देऊन निवडतात. मतदान नऊ दिवसांवर आलं होतं आणि निकाल काय लागणार हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. जयदीपच्या विरोधात शकुंतला दरेकर बाई उभ्या होत्या. तीस वर्षं त्यांनी शाळा चालवली, गावाच्या निम्म्या नळांना पाणी आलं ते त्यांच्या खेट्यांमुळे. पण लोक म्हणायचे, बाई चांगल्या आहेत हो, त्यांच्याकडे बघून काही वाटत मात्र नाही.

जयदीपकडे बघून वाटायचं. सगळं त्या फोटोमुळे.

दोन वर्षांपूर्वी पूर आला तेव्हाचा फोटो. छातीइतकं गढूळ पाणी, खांद्यावर कुणाचं तरी तीन वर्षांचं मूल, एक हात वर, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्याची काळजी मिटावी. फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर फिरला आणि जयदीप ‘पुरातले भाऊ’ झाला. आता तो प्रत्येक चौकात पंधरा फूट उंच लागला होता. त्याखाली रिक्षावाले नमस्कार करून पहिलं भाडं घेत. माणसं काय काय करतात, बघून हसावं की घाबरावं कळत नाही.

खरी गोष्ट एवढीच होती, की जयदीप पाण्याखाली गेलेल्या पिंपळाच्या पारावर उभा होता. भोयांच्या होडीने ते मूल आणलं होतं. होडी बांधेपर्यंत कुणीतरी ते मिनिटभर त्याच्या खांद्यावर दिलं, आणि त्याने हात वर केला तो दुसऱ्या होडीला बोलवायला.

जयदीपला पोहता येत नव्हतं.

हे त्याच्या बायकोला माहीत होतं आणि बुवांना. लहानपणी वडिलांनी त्याला पोहायला शिकायला बुवांकडेच धाडलं होतं. चौथ्या दिवशी त्याने येणं बंद केलं, आणि बुवांनीही कुणाला सांगितलं नाही.

“मी खोटं बोललो नाही, बुवा,” तो म्हणाला. “एकदाही नाही.”

“न्हाई.”

“मी काहीच बोललो नाही.”

“व्हय...”

बुवांनी धोतर झटकून पायरीवर पसरलं. नदी समोरून जात होती. खालच्या अंगाला बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं आणि त्या आवाजात काठावरची हाक दहा हातांपलीकडे पोचत नव्हती.

परवा देवीची पालखी नदी ओलांडणार होती. जिथे पात्र उथळ होतं आणि चालत पलीकडे जाता येतं, त्या जागेला आम्ही उतार म्हणतो. पालखी दरवर्षी उतारातून जाते आणि मागून अख्खं गाव जातं, बायका, म्हातारी, कडेवरची पोरं. पुढे एकच माणूस चालतो. काठीने एकेक पाऊल चाचपतो. वाट सापडली, की थांबून हात वर करतो. हात वर झाला की मागच्यांनी त्याच्याकडे चालायचं. बंधाऱ्यामुळे ओरडून उपयोग नसतो, म्हणून ही खूण. आमच्याकडच्या पोराला बाराखडीच्या आधी ती येते.

एक्केचाळीस वर्षं ते काम बुवांनी केलं. या वर्षी गुडघे गेले. त्यांचा पुतण्या रंगनाथ महिनाभर पात्र चाचपत होता. पण जयदीपच्या कार्यकर्त्यांनी रिक्षावर भोंगा लावून सांगून टाकलं, की यंदा पालखीच्या पुढे पुरातले भाऊ चालणार. गाव खूश झालं. रंगनाथला कुणी विचारलंही नाही.

जयदीपने नाही म्हटलं नव्हतं. आता नाही म्हटलं असतं तर निवडणूक तिथेच संपली असती. हो म्हटलं तर मागून तीन-चार हजार माणसं येणार होती. चार रात्री त्याला झोप नव्हती. डोळा लागला की पायाखालची वाळू सरकायची आणि तो ओरडत उठायचा.

त्याने बुवांना विनवलं, की वाट मला दाखवा. पावलं मोजून पाठ करतो. किती सरळ, किती डावीकडे. परवा तेवढं चालून दाखवलं की झालं.

“झालं?” बुवा म्हणाले.

“लोकांना तेवढंच हवंय, बुवा. मी पुढे दिसलो पाहिजे.”

“आन् तुला?”

“...मला निवडून यायचंय.”

बुवा उठले. पायरीच्या कोपऱ्यातली काठी घेतली, जयदीपच्या हातात दिली आणि पाण्यात उतरले. त्याने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मागोमाग गेला.

पाणी आधी घोट्यापर्यंत होतं, मग गुडघ्यापर्यंत. धरणातून थोडं सोडलेलं असावं, ओढ होती. जयदीपने तोंडातल्या तोंडात पावलं मोजायला सुरुवात केली. बावीस पावलांवर बुवा थांबले. पाणी मांडीला लागलं होतं.

“हितनं उजव्या अंगाला बग.”

जयदीपने बघितलं. पाणी तिथेही तसंच होतं, उन्हात चमकणारं.

“दोन पुरुस खोल हाय तिथं. वाळूवाल्यांनी दोन उन्हाळं पात्र खरवडलंय. परवाच्याला तिथं वाट व्हती, आज न्हाई. उद्या आनिक कुठं आसंल.”

“मग पाठ कसं करायचं?”

“करायचंच न्हाई. काठीनं इचारायचं, दर पावलाला.”

काठी जयदीपने दोन्ही हातांनी धरली होती. त्याला तिथून निघायचं होतं, लगेच. पण वळायला पाय उचलावा लागणार होता आणि पाय उचलायची त्याची छाती होईना.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर, उजवीकडून, कुणीतरी त्याला बघितलं.

तिथे बायका धुणं धूत होत्या आणि काही पोरं ट्रॅक्टर धूत होती. एक बाई उठून उभी राहिली. तिने डोळ्यांवर हात धरला. मग ती मागे वळून इतरांना काही म्हणाली, आणि सगळीच उभी राहिली. पाण्यात मांडीपर्यंत उभे असलेले भाऊ. चौकात पंधरा फूट उंच दिसतात ते, इथे खरे.

पोरांनी फोन काढले. ती बाई हसत पाण्यात उतरली. तिच्या कडेवर मूल होतं.

“बुवा, ती येतेय.”

“दिसतंय.”

“ती सरळ येतेय. मध्ये तो खड्डा...”

“व्हय. मधेच हाय.”

तिच्यामागून दोघी उतरल्या. मग पोरं. मग धुणं टाकून आणखी बायका. कुणाच्याही हातात काठी नव्हती, कुणी पायाखाली बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत चालले होते.

जयदीप ओरडला, मागे फिरा. बंधाऱ्याने आवाज गिळला. तो पुन्हा ओरडला. पलीकडून बहुधा त्याच्या नावाचा जयजयकार आला, तोही नीट ऐकू आला नाही.

मग त्याने हात वर केला. थांबा, असं सांगायला.

पलीकडची माणसं भराभर चालू लागली.

हात त्याने झटक्यात खाली घेतला, पण व्हायचं ते झालं होतं. एका पोराने तिकडून तसाच हात वर करून दाखवला, फोटोतल्यासारखा. बाईने मूल खांद्यावर घेतलं. पाणी तिच्या कमरेला आलं होतं.

सगळ्यांत वाईट पुढेच घडलं. जयदीपला स्वतःचा चेहरा जाणवला. तो हसत होता. दोन वर्षं माणसं समोर आली की हसायची त्या तोंडाला सवय लागली होती, आणि आता काही केल्या ते मिटेना. आत भीती होती आणि वर ते हसू तसंच. त्याने ओठ दाबले. गालांना ते पुन्हा आलं.

“बुवा, तुम्ही सांगा त्यांना.”

“मला कोन बगतंय? मी फोटूत न्हाई.”

“मग काय करू?”

“भिऊन दाव.”

“काय?”

“तू भ्यालायस. त्यान्ला दिसू दे.”

“येत नाहीये, बुवा...” त्याचा आवाज फाटला. “चेहऱ्यावर येतच नाहीये.”

बुवांनी हात पुढे केला आणि जयदीपच्या मुठीतली काठी काढून घेतली.

काठी गेली तसा तो एका पायावर झुकला. पाण्याने दुसरा पाय उचलला. वाळू सरकली, स्वप्नात सरकायची तशीच, आणि तो गुडघ्यांवर बसला. पाणी गळ्याशी आलं, मग तोंडात गेलं. तेव्हा त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो बंधाऱ्यापलीकडे गेला असं लोक अजून सांगतात. बुवांनी त्याचा सदरा मागून घट्ट धरला होता, पण ते त्याला कळलं नाही. मला पोहता येत नाही, मला पोहता येत नाही, एवढंच तो ओरडत होता. मग हातापायांवर, जनावरासारखा, आलेल्या बाजूला रांगायला लागला. सदरा पाठीवर चढला होता, नाकातून पाणी येत होतं. मागे वळून बघायची शुद्ध त्याला नव्हती.

पलीकडची ती बाई थांबली.

तिने मूल खांद्यावरून छातीशी घेतलं. तिने पहिल्यांदा पाण्याकडे बघितलं, आपल्या पुढ्यातल्या पाण्याकडे, आणि एक पाऊल मागे घेतलं. मागच्या बायका तिच्यावर आदळल्या. पोरं थांबली. फोन मात्र तसेच वर होते. एक जण हसला, मग सगळेच हसले, आणि हसत हसत, एकमेकांना टाळ्या देत माघारी फिरले. पाणी तुडवत, रमतगमत. त्यांना अजूनही काही कळलं नव्हतं.

जयदीप घाटाच्या खालच्या पायरीला पोचला आणि तिथेच पालथा पडला. ओकला. बराच वेळ त्याला पायरीवरचं शेवाळ तेवढं दिसत होतं.

वर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सभेला निघायची वेळ झाली होती. त्याच्या खिशातला फोन भिजून बंद पडला होता, पण इतरांचे बंद नव्हते. साडेअकराच्या आत हे गावभर जाणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. चौकातले पंधरा फूट त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि त्याला लाज वाटली, इतकी की पुन्हा पाण्यात जावंसं वाटलं.

बुवा त्याच्याशेजारी उभे होते. कमरेपर्यंत भिजलेले, काठी टेकलेली. ते त्याच्याकडे बघत नव्हते.

“सगळं गेलं, बुवा,” तो म्हणाला. “आता मला कोण मत देणार?”

बुवांची नजर पलीकडच्या काठावर होती. तिथे माणसं एकेक करून पाण्यातून वर चढत होती, पदर पिळत होती, अजून हसत होती.

“बुवा...”

“आत सतरा उतरली व्हती,” बुवा म्हणाले. “ऊठ. वर किती आली ते मोज.”